सिझेरियननंतरचे दुखणे आणि पोटाच्या भिंतीतला ब्लॉक : घ्यावा का, कोणी घ्यावा?

केवडा :
नमस्कार. पुढच्या महिन्यात माझे दुसरे सिझेरियन ठरले आहे. पहिल्या वेळी पाठीतले इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया झाली आणि ती चालू असताना काहीही दुखले नाही. संध्याकाळी पायांतला बधिरपणा उतरला आणि तिथून पुढचा काळ मात्र फार वाईट गेला. कुशीवर वळता येत नव्हते, खोकला आला की टाके उसवतील अशी धास्ती वाटे, आणि बाळाला पाजायचे म्हटले तरी कोणीतरी उचलून माझ्याजवळ द्यावे लागे. मागितल्यावर इंजेक्शन मिळत होते, पण मागितल्यापासून मिळेपर्यंत आणि मिळाल्यापासून गुण येईपर्यंत जो वेळ जात असे, तो आठवला की अजूनही नको वाटते.

या वेळी नाशिकमधल्या ज्या रुग्णालयात नाव घातले आहे, तिथल्या भूलतज्ज्ञांनी सांगितले की शस्त्रक्रिया संपल्यावर सोनोग्राफीत पाहून पोटाच्या दोन्ही बाजूंना बधिरतेचे औषध सोडता येईल. त्याला टॅप ब्लॉक म्हणतात. घरी चर्चा झाली तेव्हा सासूबाईंचे म्हणणे पडले की आधीच पाठीत एक सुई आहे, तर आणखी दोन सुया कशाला. आणि औषध दुधात उतरले तर काय करायचे? मला प्रत्यक्ष अनुभव आणि जाणकारांचे मत, दोन्ही हवे आहे. या ब्लॉकने खरोखर किती फरक पडतो? आणि ज्यांना दुसऱ्या सिझेरियनचा अनुभव आहे त्यांना दुसऱ्या वेळी दुखणे कमी वाटले की जास्त?

सुषुम्ना :
केवडाताई, मी पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला हा पर्याय नाही. त्यांना नेमके काय विचारावे हे कळण्यापुरता याचा उपयोग व्हावा.

सिझेरियननंतर दोन वेगळ्या ठिकाणांहून दुखते आणि या दोन दुखण्यांची सरमिसळ झाली की ब्लॉकबद्दलच्या अपेक्षा चुकतात. पहिले दुखणे पोटाच्या भिंतीचे, म्हणजे त्वचा, तिच्याखालचे आवरण आणि स्नायू यांचे. ओटीपोटावर आडवा छेद घेतला जातो, तिथली संवेदना पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या छातीच्या शेवटच्या दोन-तीन आणि कमरेच्या पहिल्या मज्जातंतूंकडून येते. हे तंतू कमरेच्या बाजूने पुढे येताना पोटाच्या सर्वांत आतल्या आडव्या स्नायूवरून, त्याच्या आणि मधल्या तिरक्या स्नायूच्या फटीतून जातात. टॅप ब्लॉकमध्ये औषध याच फटीत सोडतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर तीन स्नायूंचे थर एकावर एक दिसतात, सुईचे टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये आले की औषध सोडायचे, आणि तिथे काळसर भिंगाच्या आकाराची जागा उघडताना दिसली म्हणजे औषध योग्य ठिकाणी पडले. वळताना, खोकताना, उठून बसताना जे चरचरते ते बहुतांशी याच भिंतीचे असते आणि ब्लॉक त्यावर चांगला चालतो.

दुसरे दुखणे गर्भपिशवीचे. प्रसूतीनंतर ती आवळत पूर्वीच्या आकाराकडे जाते, आणि बाळ स्तनाला लागले की जे ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते त्याने ती अधिकच आवळते, त्यामुळे पाजताना ओटीपोटात कळा येतात. हे आतल्या अवयवाचे दुखणे वेगळ्या मज्जातंतूंच्या वाटेने जाते, त्यामुळे टॅप ब्लॉक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे : या कळा पहिल्या बाळंतपणापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर सहसा जास्त जाणवतात. ब्लॉक उत्तम लागला तरी पाजताना कळ येऊ शकते. त्या वेळी ब्लॉक फसला असे समजू नये. त्या कळेसाठी तोंडाने घ्यायची किंवा शिरेतून द्यायची औषधेच लागतात.

वाचनवेडा :
मी डॉक्टर नाही, पण पत्नीच्या वेळी बरेच वाचून काढले होते. एक गोष्ट तेव्हा मला कोड्यात टाकत होती. आयर्लंडमध्ये मॅक्डॉनेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिझेरियन झालेल्या ५० स्त्रिया होत्या, आणि ज्यांना टॅप ब्लॉक दिला त्यांना पहिल्या ४८ तासांत मॉर्फिन हे अफूपासूनचे वेदनाशामक सरासरी १८ मिलिग्रॅम पुरले, तर ज्यांना नुसते सलाइन टोचले त्यांना ६६ मिलिग्रॅम लागले. एवढा मोठा फरक पाहून कोणीही ब्लॉकच्या बाजूने उभा राहील. पण पुढच्याच वर्षी, २००९ साली, टोरांटोमधल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला की ब्लॉकने काही भर पडत नाही. मग नेमके कोणाचे खरे मानायचे? मला तरी वाटते की हे तंत्र नवे होते तेव्हा त्याचा गवगवा जास्त झाला.

सुषुम्ना :
दोघांचेही खरे आहे, आणि या धाग्यावरचा सर्वांत कामाचा मुद्दा तुम्ही काढलात. आयर्लंडच्या अभ्यासात पाठीतल्या इंजेक्शनमध्ये बधिरतेच्या औषधासोबत मॉर्फिनच्याच कुळातले फेंटानिल होते, मॉर्फिन नव्हते. फेंटानिलचा परिणाम काही तासांत संपतो. टोरांटोच्या अभ्यासात मात्र पाठीतच मॉर्फिन दिले होते. तिथे दिलेले मॉर्फिन अगदी थोडे असते, साधारण १०० ते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग किंवा त्याहून जरासे अधिक. पण ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात रेंगाळते आणि १८ ते २४ तास काम करते. शिवाय ते भिंतीचे आणि गर्भपिशवीचे, दोन्ही दुखणी कमी करते. ज्या स्त्रीला असे छत्र आधीच मिळाले आहे तिला ब्लॉकने वेगळे ते काय जाणवणार? जिला ते मिळालेले नाही तिला मात्र फरक पडतो. सिझेरियनच्या वेदनाशमनासाठी प्रॉस्पेक्ट या युरोपीय गटाने २०२० च्या सुमारास ज्या शिफारशी केल्या त्यांचा रोखही हाच आहे : पाठीतून मॉर्फिन, त्यासोबत नियमित पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी वेदनाशामके, आणि पाठीतून मॉर्फिन दिलेले नसेल तर जखमेत बधिरतेचे औषध किंवा पोटाच्या भिंतीतला ब्लॉक.

म्हणून केवडाताई, ब्लॉक घेऊ का, हे विचारण्याच्या आधी पाठीतल्या इंजेक्शनमध्ये मॉर्फिन असणार आहे का, हे विचारा. पुढचे सगळे त्या उत्तरावर ठरते.

लेस्टरची_लेक :
माझे सिझेरियन इंग्लंडमध्ये झाले. इथे पाठीच्या इंजेक्शनमध्ये मॉर्फिनच्या कुळातले डायमॉर्फिन घालण्याची पद्धत आहे, आणि शस्त्रक्रिया संपता संपताच डायक्लोफिनॅक या सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकाची गोळी गुदद्वारातून ठेवली होती, जे मला नंतर कळले. पोटातला ब्लॉक दिला नाही आणि त्याची उणीवही भासली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिडवाइफने उठवून चालवले, आणि आश्चर्य म्हणजे मी चालले. त्रास झाला तो खाजेचा. नाक, गाल, छाती यांना रात्रभर अशी खाज सुटली होती की दुखणे परवडले असते असे एकदा मनात येऊन गेले. पण सकाळपर्यंत ती गेली. ज्यांना पाठीतून हे औषध मिळणार असेल त्यांनी खाजेची आणि मळमळीची मानसिक तयारी ठेवावी. औषधाची ॲलर्जी आली असे समजून घाबरू नये.

टाका_दोरा :
मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सुषुम्ना मॅडमचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण आमच्याकडची परिस्थिती सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. पाठीतून देण्याजोगे, परिरक्षक न घातलेले मॉर्फिन लहान रुग्णालयांत सहसा नसते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन अशा अत्यावश्यक औषधांचे नियम सोपे झाले, तरी नोंदवह्या, कुलूपबंद कपाट आणि साठ्याचा हिशेब यांच्या धास्तीने पुष्कळ नर्सिंग होम त्या वाटेला जातच नाहीत. दुसरे असे की मॉर्फिन दिलेल्या बाळंतिणीच्या श्वासावर पुढचे काही तास कोणीतरी लक्ष ठेवायला हवे. मात्रा कमी असली की श्वास मंदावण्याचा धोका फारच थोडा असतो हे मान्य. पण रात्री एकच सिस्टर तीन खोल्या पाहत असेल तर तो थोडा धोकाही पत्करावासा वाटत नाही. म्हणून आमच्यासारख्यांच्या ठिकाणी ब्लॉक ही चैन नाही. उलट, मोठ्या रुग्णालयांपेक्षा त्याची गरज इथेच जास्त आहे.

आता गंमत अशी की जिथे गरज जास्त, तिथेच तो देणे अवघड. ब्लॉक पाहून द्यायचा तर सोनोग्राफीचे यंत्र हवे, आणि गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी ठरावीक जागेसाठी होते. आमचे भूलतज्ज्ञ दिवसभरात वेगवेगळ्या रुग्णालयांत जातात. त्यांनी स्वतःचे छोटे यंत्र पिशवीत घालून फिरायचे म्हटले तर ते नियमात बसत नाही. मुली वाचाव्यात म्हणून केलेला हा कायदा आहे आणि महाराष्ट्रात त्याची गरज होती, आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सुई कुठे चालली आहे हे पाहण्यासाठी लागणारे यंत्रही त्याच जाळ्यात अडकते, हेही खरे. त्यामुळे मी स्वतः दोन साधे मार्ग वापरतो. पोट बंद करताना थरांमध्ये आणि त्वचेखाली बधिरतेचे औषध सोडतो, किंवा पोट उघडे असतानाच आतून स्नायूंच्या फटीचा अंदाज घेऊन दोन्ही बाजूंना औषध देतो. पडद्यावर पाहून दिलेल्या ब्लॉकइतके हे नेमके नसेल, पण काहीच न देण्यापेक्षा कितीतरी बरे आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही.

वाचनवेडा :
टाका_दोरा सर, यंत्र नसताना भूलतज्ज्ञ अंदाजाने ब्लॉक देत नाहीत का? मी कुठेतरी दोन ‘टक्’ जाणवण्याची पद्धत वाचली होती.

सुषुम्ना :
देतात. मुळात २००१ साली रफी यांनी ही कल्पना मांडली तेव्हा ती यंत्राशिवायचीच होती. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला, पाठीचा रुंद स्नायू आणि पोटाचा बाहेरचा तिरका स्नायू यांच्यामध्ये एक लहान त्रिकोण असतो. तिथून बोथट टोकाची सुई घालायची आणि आवरणे ओलांडताना हाताला जाणवणारे धक्के मोजायचे. सडपातळ माणसात हे जमते. पण नऊ महिने ताणलेल्या पोटात तो त्रिकोण सापडणे कठीण जाते, आणि सुई जास्त खोल गेली तर आतड्याला किंवा यकृताला इजा होऊ शकते. असे प्रसंग विरळ आहेत, पण नोंदले गेलेले आहेत. सोनोग्राफीने हा अंदाजाचा भाग बराच कमी झाला. यंत्र नसेल तर अंदाजाने ब्लॉक देण्यापेक्षा टाका_दोरा सरांची पद्धत, म्हणजे डोळ्यांसमोर दिसणाऱ्या जखमेत औषध देणे, मला अधिक पटते.

आक्का_कोल्हापूर :
आमच्या वेळी यातले काहीच नव्हते आणि तरी आम्ही उभ्या राहिलो, असे म्हणण्याचा मोह होतो, पण म्हणणार नाही. कारण त्या वेळी किती सोसले ते मला आठवते आणि माझ्या सुनेने ते सोसावे असे मला वाटत नाही. एवढेच विचारायचे आहे की टाक्यांवर पोटपट्टा बांधावा की नाही? आमच्याकडे सुती धोतराने पोट बांधत असत. हल्लीच्या मुली म्हणतात की डॉक्टर नको म्हणतात.

टाका_दोरा :
आक्का, दुखण्यापुरते बोलायचे तर पट्ट्याचा उपयोग होतो. मघाशी उल्लेख झालेल्या प्रॉस्पेक्टच्या शिफारशींतही पोटाला आधार देणाऱ्या पट्ट्याचा समावेश आहे. उठताना, चालताना, खोकताना भिंतीला आधार मिळतो आणि टाके ओढले जात नाहीत. मात्र तो श्वास कोंडेल इतका घट्ट नसावा, जखमेची पट्टी ओली राहू नये, आणि झोपताना काढून ठेवावा. पट्ट्याने पोट आत जाते, या समजुतीला मात्र आधार नाही.

सिस्टर_सातारा :
मी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम करते. ब्लॉकची चर्चा वाचून बरे वाटले, पण मला रोज दिसणारी अडचण त्याहून साधी आहे. केसपेपरवर वेदनाशामक औषधापुढे ‘गरज पडल्यास’ असे लिहिलेले असते. गरज कोणी ठरवायची? बाळंतीण संकोचाने मागत नाही, सोबतची आई किंवा सासू म्हणते की एवढे तर दुखणारच, आणि मी दुसऱ्या टोकाला एखाद्या नव्याने आलेल्या बाईच्या कळांत गुंतलेली असते. ती शेवटी मागते तेव्हा दुखणे कळसाला पोहोचलेले असते आणि मग एका इंजेक्शनने ते उतरत नाही. ज्या युनिटमध्ये डॉक्टर वेळ घालून लिहितात, म्हणजे दर सहा तासांनी पॅरासिटामॉल आणि ठरावीक अंतराने दुसरी गोळी, तिथल्या बाया ब्लॉक नसतानाही लवकर उठतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आणखी एक सांगते. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन आणि त्याची औषधे मोफत आहेत, २०११ पासून. तेव्हा वेदनाशामकासाठी चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला सांगितले तर नातेवाइकांनी अवश्य विचारावे.

सुषुम्ना :
सिस्टर, तुमचा मुद्दा ब्लॉकइतकाच महत्त्वाचा आहे. किंबहुना मी त्याला ब्लॉकच्या वर ठेवीन. ब्लॉकचा परिणाम एका वेळच्या औषधाने साधारण ८ ते १२ तास टिकतो, कधी थोडा अधिक. शस्त्रक्रिया दुपारी झाली असेल तर तो मध्यरात्रीच्या आसपास उतरतो, म्हणजे नेमका अशा वेळी की कक्षात माणसे कमी असतात आणि नातेवाईक दमून झोपलेले असतात. आतापर्यंत काहीच दुखत नव्हते म्हणून संध्याकाळची गोळी टाळलेली असली की बाई एकदम कळवळून उठते आणि सगळा दोष ब्लॉकला जातो. तेव्हा दुखत नसले तरी गोळ्या वेळेवर घ्यायच्या, हे ब्लॉक घेणाऱ्यांनी तर अधिकच पाळायचे.

साधारणपणे प्रौढ स्त्रीला दर सहा तासांनी १ ग्रॅम पॅरासिटामॉल चालते. वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने कमी. त्यासोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखे औषध दिले की दोघांचा परिणाम एकत्र येतो आणि गर्भपिशवीच्या कळांवर विशेष उपयोग होतो. जठरव्रण, मूत्रपिंडाचा त्रास, खूप रक्तस्राव, किंवा रक्तदाब वाढून प्लेटलेट घटलेल्या असतील, तर हे दुसरे औषध डॉक्टर टाळतात. बाजारात पॅरासिटामॉल आणि ॲसिक्लोफिनॅक एकाच गोळीत मिसळून मिळतात. ती गोळी चालू असताना घरच्यांनी ‘अंग कसकसतेय’ म्हणून वेगळी पॅरासिटामॉल दिली की मात्रा नकळत दुप्पट होते. गोळीच्या पाकिटावरची नावे वाचायची सवय बाळंतिणीच्या घरी एका तरी माणसाने लावून घ्यावी.

केवडा :
सर्वांचे मनापासून आभार. आज तपासणीला गेले होते तेव्हा विचारले. भूलतज्ज्ञ म्हणाले की त्यांच्याकडे पाठीतून मॉर्फिन देत नाहीत, फेंटानिल देतात, आणि म्हणूनच त्यांनी ब्लॉक सुचवला. म्हणजे सुषुम्नाताईंनी सांगितले तसेच निघाले. सोनोग्राफीचे यंत्र त्याच रुग्णालयात नोंदणी केलेले आहे. आता तीन शंका उरल्या आहेत. दुधाचे काय? या सुया शुद्धीत असताना टोचतील का? आणि पहिल्या वेळेपासून माझी कंबर दुखते ती पाठीतल्या इंजेक्शनमुळे असे सगळे म्हणतात, तर या ब्लॉकने ती आणखी वाढेल का? शिवाय त्यांनी क्वाड्रेटस लम्बोरम असे दुसऱ्या एका ब्लॉकचेही नाव घेतले, ते काय आहे?

सुषुम्ना :
दुधापासून सुरुवात करते. ब्युपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन ही ब्लॉकमधली बधिरतेची औषधे आईच्या दुधात फार थोडी उतरतात आणि जी उतरतात ती बाळाच्या पोटातून नीट शोषलीही जात नाहीत. ब्लॉकनंतर पाजायला थांबावे लागत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांचेही तसेच. दुधाची खरी काळजी ट्रामाडॉल आणि कोडीन या मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांची करावी, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर फार वेगाने होते आणि बाळ सुस्तावू शकते; अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली पाजणाऱ्या मातांना ही औषधे न देण्याचा इशारा दिला. आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास दिले जाते. चांगल्या ब्लॉकमुळे त्याची गरज कमी झाली तर बाळासाठीही ते बरेच. सासूबाईंना हे असे सांगून पाहा.

सुया टोचतील का, तर नाही. ब्लॉक शस्त्रक्रिया संपल्या संपल्या, पाठीतल्या इंजेक्शनचा बधिरपणा पोटावर असतानाच देतात. थोडा दाब जाणवेल एवढेच.

कंबरदुखीबद्दल : इंजेक्शनच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, पण वर्षानुवर्षे टिकणारी कंबरदुखी त्या सुईमुळे होते असे अभ्यासांत आढळलेले नाही. सामान्य प्रसूती झालेल्या, पाठीत सुई न टोचलेल्या स्त्रियांचीही कंबर तेवढीच दुखते. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि वाकून बाळ पाजण्याची बैठक ही कारणे अधिक खरी आहेत. टॅप ब्लॉकची सुई तर पोटाच्या बाजूला असते, ती कण्याच्या जवळपासही जात नाही.

क्वाड्रेटस लम्बोरम हा ब्लॉक थोडा मागे, कमरेच्या त्या नावाच्या स्नायूभोवती देतात. ब्लँको यांनी २००७ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि २०१५ साली त्यांचा सिझेरियनवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध मागून कण्याच्या बाजूच्या जागेत काही प्रमाणात पसरते, त्यामुळे आतल्या दुखण्यावरही त्याचा थोडा परिणाम होत असावा, असे मानले जाते. तो अधिक खोल आहे, देण्यासाठी कूस बदलावी लागते आणि क्वचित मांडीत काही तास अशक्तपणा येतो. म्हणून तो घेतल्यावर पहिल्यांदा उठताना सोबत कोणी असल्याशिवाय पाय खाली टेकू नये. तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यात बसला आहे तो ब्लॉक तुमच्यासाठी चांगला, असे मी म्हणेन.

टाका_दोरा :
धोक्यांविषयीही एक शब्द असावा. हे औषध जागच्या जागी कितीही सुरक्षित असले तरी मात्रा ओलांडली किंवा चुकून रक्तवाहिनीत गेले तर ते अंगभर पसरून मेंदू आणि हृदय यांवर परिणाम करते. हिशेब साधा आहे. ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असते. दोन्ही बाजूंना २०-२० मिलिलिटर दिले की १०० मिलिग्रॅम झाले. किलोला २ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर ६० किलोच्या बाईला १२० मिलिग्रॅमपर्यंत चालते आणि आपण आत राहतो. पण आमच्याकडे दिवस भरलेली बाईसुद्धा ४५ किलोची असते. तिची मर्यादा ९० मिलिग्रॅमची, म्हणजे तेवढेच औषध तिला जास्त होते. त्यातून गरोदर स्त्रीच्या रक्तात हे औषध बांधून ठेवणारी प्रथिने कमी असतात. अशा वेळी औषध अधिक पातळ करतात किंवा रोपिव्हाकेन वापरतात, आणि शल्यचिकित्सकाने जखमेतही तेच औषध दिले असेल तर दोन्हींची बेरीज करावी लागते. ब्लॉकनंतर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानांत गुणगुण, विनाकारण अस्वस्थता असे काही जाणवले तर ते लगेच सांगावे. त्यावर उतारा आहे. २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण शिरेतून देतात, आणि जिथे ब्लॉक दिले जातात तिथे ते हाताशी असायला हवे.

रानजाई :
माझ्या बहिणीचे सिझेरियन तातडीने, पूर्ण भूल देऊन करावे लागले, कारण रक्तदाब फार वाढला होता आणि प्लेटलेट कमी होत्या. पाठीत इंजेक्शन देता येणार नाही असे सांगितले. अशा वेळी हा ब्लॉक देता येतो का? तिला तर शुद्धीवर आल्याक्षणीच दुखायला लागले होते.

सुषुम्ना :
देता येतो, आणि रानजाईताई, खरे तर अशाच स्त्रियांना त्याचा सर्वाधिक लाभ होतो. पूर्ण भूल दिली असेल तर पाठीतून गेलेले काहीच औषध अंगात नसते, त्यामुळे भूल उतरताच जखम जशीच्या तशी जाणवते. शिवाय प्लेटलेट कमी असल्याने डायक्लोफिनॅकसारखी औषधेही वर्ज्य होतात. टॅप ब्लॉक त्यामानाने वरवरचा आहे आणि कण्याभोवती रक्त साचण्याची भीती त्यात नसते, म्हणून प्लेटलेट किती आहेत ते पाहून तो देण्याचा विचार करता येतो. खोलवरचे ब्लॉक मात्र टाळतात. भूल उतरण्याच्या आधी, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो दिला तर बाई जागी होते तेव्हा भिंत बधिर झालेली असते.

सिस्टर_सातारा :
घरी गेल्यावरचेही लिहून ठेवते, कारण फोन तेव्हाच येतात. दुखणे दिवसागणिक कमी व्हायला हवे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते उलट वाढू लागले, ताप आला, जखम लाल होऊन पाझरू लागली किंवा अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास आला तर वेदनाशामक वाढवत बसू नये, दाखवायला यावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरीही तसेच, कारण बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. उठून बसले की डोके फुटल्यासारखे दुखते आणि आडवे झाले की थांबते, हे पाठीतल्या सुईमुळे होऊ शकते. तेही सांगावे, त्यावर उपचार आहेत.

केवडा :
हे सगळे वहीत उतरवून घेतले आहे. रुग्णालयात जाताना केसपेपरवर औषधांच्या वेळा लिहून घ्यायच्या, पहिल्या रात्रीची गोळी कोणी द्यायची ते सिस्टरना आधी विचारायचे, आणि माझे आजचे वजन भूलतज्ज्ञांना कळवायचे, कारण नाव घातले तेव्हाचे वजन पाच महिन्यांपूर्वीचे आहे. सासूबाईंनी दुधाचा मुद्दा दोनदा वाचून घेतला. आता त्यांचा प्रश्न पोटपट्टा कोणत्या मापाचा आणायचा एवढाच आहे. आक्का, तुम्ही सुनेसाठी आणला होता का?